विद्यार्थ्यांचे आश्रयदाते महामना पंडित मदनमोहन मालवीय

विद्याभ्यासास गुरू हवा, ग्रंथ हवा आणि स्वतःची बुद्धी हवी, हे सर्वमान्य आहे. परंतु विद्येसाठी घर सोडून परगावी निघालेल्या मुलास या तिहींच्या आधी रात्री पाठ टेकण्यापुरती जागा लागते आणि दिवसाकाठी दोन वेळचे अन्न लागते, ही साधी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. विद्यालये काढणारे थोर पुरुष आपल्या देशात बरेच झाले. त्या विद्यालयांत येणारी मुले राहणार कोठे, हा प्रश्न जिवास लावून घेऊन त्यासाठी दारोदार झोळी फिरविणारे मात्र विरळा. पंडित मदनमोहन मालवीय हे अशा विरळ्यांमध्ये अग्रगण्य होत. राष्ट्रसभेचे चार वेळा निवडले गेलेले अध्यक्ष, नामांकित वकील, पत्रकार, धर्मनिष्ठ वक्ते आणि काशी हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक म्हणून त्यांची कीर्ती सर्वदूर पसरलेली आहे. तथापि त्यांच्या चरित्राचे नीट अवलोकन केल्यास तरुणपणापासून वार्धक्यापर्यंत एक धागा अखंड गेलेला दिसतो, आणि तो म्हणजे विद्यार्थ्याच्या निवाऱ्याची काळजी.

कुल आणि बालपण

मालवीयांचे पूर्वज मूळचे माळव्यातील. कित्येक शतकांपूर्वी हे घराणे प्रयागास जाऊन स्थायिक झाले आणि माळव्याची ओळख त्यांच्या आडनावात राहिली. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांस हे नाते जवळचे वाटावे असेच आहे. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून उत्तरेकडे आले, मालवीयांचे माळव्यातून गंगायमुनेच्या संगमावर गेले. देशांतर केलेल्या घराण्यांत विद्या हेच खरे वतन मानले जाते, तसे ते याही घराण्यात मानले जाई.

मदनमोहनांचा जन्म २५ डिसेंबर १८६१ रोजी प्रयाग येथे झाला. आजोबा पंडित प्रेमधर हे कृष्णभक्त व संस्कृतज्ञ होते. पिता पंडित ब्रजनाथ हे श्रीमद्भागवताची कथा सांगून त्यावर प्रपंच चालवीत. माता मूनादेवी या कुटुंबवत्सल व सोशिक होत्या. घर मोठे, माणसे पुष्कळ आणि मिळकत बेताची अशी स्थिती होती. मुलाचे पहिले शिक्षण पंडित हरदेवजींच्या पाठशाळेत झाले. तेथे संस्कृत, धर्मोपदेश आणि व्यायाम यांचा पाया पक्का झाला. पुढे इंग्रजी शाळेत शिकून १८७९ साली ते प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले व प्रयागच्या म्यूर सेंट्रल कॉलेजात दाखल झाले. तेथे संस्कृतचे अध्यापक पंडित आदित्यराम भट्टाचार्य हे त्यांस गुरुस्थानी लाभले. घरची ओढाताण पाहून प्राचार्य हॅरिसन यांनी त्यांस मासिक विद्यावेतनाची सोय करून दिली. त्या काळी प्रयागास स्वतंत्र विद्यापीठ नव्हते. म्हणून १८८४ साली त्यांनी बी.ए.ची पदवी घेतली ती कलकत्ता विद्यापीठाची.

संस्कृत विषय घेऊन एम.ए. व्हावे आणि पित्याप्रमाणे कथाकीर्तनाच्या द्वारे धर्मप्रसार करावा, अशी तरुण मदनमोहनांची मनीषा होती. परंतु घरची विवंचना आणि आईच्या डोळ्यांतील पाणी यांपुढे तो संकल्प टिकला नाही. त्याच साली त्यांनी सरकारी शाळेत दरमहा ४० रुपयांवर शिक्षकाची नोकरी पत्करली. दारिद्र्य विद्येचा मार्ग कसा अडविते याचा अनुभव त्यांनी घरातच घेतला. त्यांचे एक भाग्य मात्र होते. ते प्रयागचेच रहिवासी असल्यामुळे कॉलेजातून परतल्यावर त्यांस हक्काचे घर होते आणि आईच्या हातचे अन्न होते. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांच्या नशिबी तेही नव्हते.

जुनी व्यवस्था आणि नवी अडचण

आपल्याकडील प्राचीन विद्यापरंपरेत विद्यार्थ्याचे राहणे आणि शिकणे ही दोन वेगळी कार्ये नव्हती. शिष्य गुरुगृही राही, गुरूचे अन्न खाई किंवा माधुकरी मागे, आणि गुरूच्या ओसरीवर झोपे. काशी, पैठण, शृंगेरी अशा विद्याक्षेत्रांत पाठशाळा, मठ आणि अन्नछत्रे यांचा आधार विद्यार्थ्यांस असे. काशीतील घाट, देवळे आणि छत्रे यांमध्ये शिंदे, होळकर, भोसले व पेशवे यांच्या दानधर्माचा वाटा मोठा आहे. दक्षिणेतून पायी निघालेला मुलगा काशीस पोहोचला म्हणजे त्यास कोणत्या तरी दारी आसरा मिळेल, असा भरवसा होता.

इंग्रजी अमलात हे चित्र पालटले. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्यांचे मुख्य कार्य होते. शिकविण्याचे काम कॉलेजांनी करावयाचे, आणि विद्यार्थी कोठे राहतो, काय खातो, कोणाच्या संगतीत असतो, याची जबाबदारी बहुधा कोणाचीच नसे. म्यूर कॉलेजाची स्थापना १८७२ सालची आणि अलाहाबाद विद्यापीठाची १८८७ सालची. या विद्यापीठाचा परीघ फार विस्तृत होता. संयुक्त प्रांतातीलच नव्हे, तर इंदूर, ग्वाल्हेर व नागपूर येथील महाविद्यालयेही पुढे बराच काळ त्याच्याशी संलग्न होती. अवध, बुंदेलखंड, कुमाऊँचे डोंगर, पूर्वेकडील जिल्हे, अशा दूरदूरच्या ठिकाणांहून मुले उच्च शिक्षणासाठी प्रयागास येऊ लागली.

शहरात त्यांचे काय होई, हे त्या काळची स्थिती जाणणारास सहज समजेल. धर्मशाळा यात्रेकरूंसाठी असते. तेथे महिनोन्‌महिने राहता येत नाही. एकट्या तरुणास घर भाड्याने देण्यास गृहस्थ राजी नसत. गल्लीबोळातील अंधाऱ्या खोलीत दाटीने राहावे, स्वयंपाक स्वतः करावा, पाणी स्वतः भरावे, आणि उरलेल्या वेळात पुस्तक उघडावे, असा तो क्रम असे. जातीपातीचे निर्बंध कडक असल्यामुळे कोणाच्याही हातचे अन्न चालत नसे आणि खाणावळीची सोय पुरेशी नसे. प्रयाग हे तीर्थक्षेत्र. माघमेळ्यात लक्षावधी यात्रेकरू उतरत, तेव्हा शहरातील मोकळी जागा अधिकच दुर्मीळ होई. या साऱ्या कष्टांत प्रकृती बिघडून किंवा खर्च न पेलून परत गेलेल्या मुलांची गणती कोणी ठेवली नाही. हुशारी असूनही केवळ छप्पर नसल्यामुळे विद्या सुटावी, ही हानी एका घराची नसते, समाजाची असते.

लोकसेवेचा आरंभ

शिक्षकी करीत असतानाच मालवीयांची वाणी लोकांच्या कानी आली. १८८६ साली कलकत्त्यास दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या राष्ट्रसभेच्या दुसऱ्या अधिवेशनात या पंचवीस वर्षांच्या तरुणाचे भाषण ऐकून सभा प्रसन्न झाली. कालाकांकरचे राजा रामपालसिंह यांनी त्यांस आपल्या हिंदुस्थान या दैनिकाचे संपादकत्व दिले. काही वर्षांनी ते सोडून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, १८९१ साली ती परीक्षा उत्तीर्ण केली आणि १८९३ पासून अलाहाबादच्या उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. वकिलीत त्यांस यश व द्रव्य दोन्ही मिळाले. पण त्यांचे मन सार्वजनिक कार्यातच रमे. न्यायालयांत नागरी लिपीस स्थान मिळावे म्हणून त्यांनी परिश्रमपूर्वक एक सविस्तर निवेदन तयार केले व ते प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अँटनी मॅक्डॉनेल यांस सादर केले. त्याचे फळ म्हणून १८ एप्रिल १९०० रोजी नागरीस न्यायालयांत प्रवेश देणारी आज्ञा निघाली.

हिंदू बोर्डिंग हाउस

याच सुमारास मालवीयांनी विद्यार्थ्यांच्या निवासाचा प्रश्न हाती घेतला. मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी मौलवी समीउल्ला खान यांच्या प्रयत्नाने १८९२ सालीच प्रयागास एक वसतिगृह उभे राहिले होते. हिंदू विद्यार्थी संख्येने पुष्कळ असूनही त्यांस तशी पुरेशी सोय नव्हती. मालवीयांनी मोठे वसतिगृह बांधण्याचा निश्चय केला आणि वर्गणीसाठी प्रांतभर हिंडण्यास प्रारंभ केला. राजेरजवाड्यांपासून सामान्य वकील, व्यापारी आणि जमीनदार यांच्यापर्यंत सर्वांच्या दारी ते गेले. वकिलीचा धंदा ऐन भरात असता, त्यातील वेळ काढून त्यांनी हे काम केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सुमारे १,३०,००० रुपये अशा रीतीने जमले. त्या काळच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती.

१९०३ साली २३० विद्यार्थ्यांची सोय असलेले हे वसतिगृह सिद्ध झाले. मॅक्डॉनेल साहेबांच्या नावावरून त्याचे नाव मॅक्डॉनेल युनिव्हर्सिटी हिंदू बोर्डिंग हाउस असे ठेवण्यात आले. लोक मात्र त्यास हिंदू बोर्डिंग एवढेच म्हणत. सरकारने भारतीय विद्यापीठांचा कायदा केला तो १९०४ साली. संलग्नता मागणाऱ्या कॉलेजाने पालकांपासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाची योग्य तरतूद केली पाहिजे, अशी अट त्या कायद्यात आली. सरकारी कायद्यास जे १९०४ साली सुचले, ते प्रयागच्या या वकिलाने लोकांच्या पैशातून आदल्या वर्षीच उभे करून दाखविले होते.

वसतिगृह म्हणजे केवळ विटा व चुना नव्हे, याचा प्रत्यय लवकरच आला. कुमाऊँच्या डोंगरातून आलेले गोविंद वल्लभ पंत, जे पुढे उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री व भारताचे गृहमंत्री झाले, ते विद्यार्थिदशेत याच वसतिगृहात राहिले. फैजाबादकडून आलेले नरेंद्र देव हेही येथलेच. वंगभंगानंतरच्या त्या दिवसांत हे वसतिगृह तरुणांच्या जहाल विचारांचे केंद्र बनले. मालवीय स्वतः मवाळ मताचे. तरीही त्यांनी बांधलेल्या छपराखाली मुले निर्भयपणे आपला विचार करीत होती. पुढे हेच नरेंद्र देव आचार्य म्हणून विख्यात झाले व मालवीयांनी स्थापिलेल्या काशीच्या विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. एका खोलीचे दान किती दूरवर फळते, याचा याहून निराळा पुरावा कशास पाहिजे?

काशीतील महान संकल्प

प्रयागच्या अनुभवाने मालवीयांच्या मनात एक विचार दृढ झाला. शहरात विखुरलेल्या विद्यार्थ्यांसाठी एखाददुसरे वसतिगृह बांधल्याने मूळ दोष जात नाही. विद्यापीठच असे असावे, की जेथे गुरू व शिष्य एकाच आवारात राहतील आणि शिकणे व राहणे पुन्हा एक होईल. गुरुकुलाचा प्राचीन आदर्श आणि नव्या युगाचे विज्ञान यांचा असा संगम काशीक्षेत्री व्हावा, असे त्यांनी ठरविले. १९०५ साली काशीस राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, त्या वेळी ही योजना विद्वानांच्या व नेत्यांच्या सभेपुढे ठेवण्यात आली. १९०६ च्या आरंभी प्रयागच्या कुंभमेळ्यात सनातन धर्माच्या महासभेत साधुसंत व पंडितांची तीस संमती मिळाली.

१९११ साली कार्यास वेग आला. श्रीमती ॲनी बेझंट यांनी १८९८ साली काशीत स्थापिलेले सेंट्रल हिंदू कॉलेज या योजनेस येऊन मिळाले. दरभंग्याचे महाराज रामेश्वरसिंह यांनीही आपले बळ तिच्यामागे उभे केले. एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प जाहीर झाला. मालवीयांनी वकिलीवर पाणी सोडले आणि ते भिक्षेस निघाले. दानासाठी त्यांनी केलेली भ्रमंती इतकी प्रसिद्ध आहे, की भिक्षुकांचा राजा अशी त्यांची ख्याती झाली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इंदूरचे होळकर यांनी उदार हस्ते देणग्या दिल्या. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी पुढे दोन लक्ष रुपये ग्रंथालयासाठी दिले. १९४१ साली पूर्ण झालेले ते भव्य ग्रंथालय आजही सयाजीराव गायकवाड ग्रंथालय याच नावाने ओळखले जाते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थानांचे ऋण काशीच्या विद्यामंदिरावर असे कोरलेले आहे.

१ ऑक्टोबर १९१५ रोजी विश्वविद्यालयाचा कायदा संमत झाला. निवासी व अध्यापन करणारे विद्यापीठ हे त्याचे मुख्य लक्षण होते. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी, माघ शुद्ध प्रतिपदेस, गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. काशीनरेश प्रभुनारायणसिंह यांनी नगराच्या दक्षिणेस गंगेच्या सान्निध्यात विस्तीर्ण भूमी दिली. सुमारे १३०० एकरांचा तो परिसर लाभल्यामुळेच गुरुशिष्यांच्या एकत्र निवासाचे स्वप्न प्रत्यक्षात येणे शक्य झाले.

त्या आवाराची मांडणीच बोलकी आहे. अर्धवर्तुळाकार मार्गांच्या एका ओळीत महाविद्यालये, दुसऱ्या ओळीत वसतिगृहे, त्यांच्या मधोमध क्रीडांगणे आणि जवळच अध्यापकांची घरे अशी रचना करण्यात आली. विद्यार्थ्याने सकाळी वर्गात जावे, सायंकाळी मैदानावर खेळावे, रात्री दिव्याजवळ बसावे, आणि शंका आली तर गुरूच्या दारी चालत जावे, असा हा आराखडा होता. सेंट्रल हिंदू कॉलेजाच्या जुन्या वास्तूत आरंभ झालेले वर्ग १९२१ च्या सुमारास या नव्या आवारात आले. प्राच्यविद्या व धर्मविज्ञान, विज्ञान, अभियांत्रिकी, आयुर्वेद अशा नाना शाखांचे विद्यार्थी एकाच आवारात राहू लागले. वेदपाठी बटू आणि यंत्रशाळेत काम करणारा तरुण यांची वाट एक झाली.

वसतिगृहांच्या नावांवरूनही दानाचा विस्तार कळतो. बिर्ला वसतिगृह आहे. मुंबईच्या पारशी दानशूर ब्रोचा यांच्या नावाचे वसतिगृह आहे. काठेवाडातील लिमडी व मोरवी या संस्थानांची नावे आहेत. हैदराबादच्या धनराजगीर घराण्याची आठवण देणारे धनराजगिरी वसतिगृह आहे. गोसावी परंपरेतील या घराण्याचे धन विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याकडे वळावे, हे मठांच्या भक्तांस विशेष आनंद देणारे आहे. १९२९ साली स्त्रियांचे महाविद्यालय निघाले, तेव्हा मुलींच्या निवासाचीही व्यवस्था करण्यात आली. दूरच्या गावातील पित्याने कन्येस उच्च शिक्षणासाठी पाठवावे तर तिच्या राहण्याचा विश्वास त्यास आधी मिळाला पाहिजे, हे यामागील सूत्र होते.

कुलगुरुपदाचा काळ

विश्वविद्यालयाचे पहिले कुलगुरू सर सुंदरलाल आणि दुसरे सर शिवस्वामी अय्यर. १९१९ साली मालवीयांनी ती धुरा स्वतः स्वीकारली आणि सुमारे दोन दशके वाहिली. राष्ट्रसभेचे राजकारण, कायदेमंडळातील कार्य, कारावास, १९३१ सालची लंडनची गोलमेज परिषद, एवढ्या व्यापातही आवारातील विद्यार्थ्यांवर त्यांचे लक्ष असे. पांढरे शुभ्र वस्त्र, पांढरा फेटा आणि भाळी चंदनाचा टिळा धारण केलेली त्यांची मूर्ती विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची होती. मुलांनी व्यायाम करावा, दूध प्यावे, शरीर बळकट ठेवावे, असा त्यांचा आग्रह असे. ते गीतेवर प्रवचने करीत व एकादशीस कथा सांगत. पित्याची कथापरंपरा आईच्या अश्रूंसाठी तरुणपणी सोडावी लागली होती. ती त्यांनी सहस्रावधी विद्यार्थ्यांच्या कुटुंबात अशी पुन्हा चालविली. निर्धन मुलांची फी माफ करण्यात त्यांचा हात सढळ होता. संस्थेचा हिशेब जुळविणारांस त्याची चिंता वाटे. ते मात्र पुन्हा झोळी घेऊन निघत.

छपराखालची विषमता

या उज्ज्वल चरित्रातील एक कठीण प्रसंग वगळला तर सत्यास बाध येईल. १९२५ साली बिहारमधील आरा येथे मालवीय गेले असता एका दलित विद्यार्थ्याने त्यांचे स्वागत करणारे भाषण केले. त्या मुलाची बुद्धी पाहून त्यांनी त्यास काशीस शिकण्यासाठी येण्याचे आमंत्रण दिले. तो विद्यार्थी म्हणजे जगजीवनराम, पुढे स्वतंत्र भारताचे ज्येष्ठ मंत्री व उपपंतप्रधान झाले ते. कुलगुरूंच्या बोलावण्यावरून ते आले, विश्वविद्यालयात प्रवेश मिळाला, विद्यावेतनही मिळाले. परंतु वसतिगृहात त्यांस इतरांप्रमाणे जेवण वाढण्यास नकार मिळाला आणि नगरातील न्हावी त्यांचे केस कापीना. त्यांनी या वागणुकीविरुद्ध आवाज उठविला. पुढील पदवीचे शिक्षण त्यांनी कलकत्त्यास जाऊन पूर्ण केले.

हा प्रसंग मालवीयांच्या कार्याच्या मर्मावरच बोट ठेवतो. ज्या पुरुषाने विद्यार्थ्याच्या निवाऱ्यासाठी आयुष्य वेचले, त्याच्याच आवारात, त्यानेच बोलावलेल्या विद्यार्थ्यास निवाऱ्याचे पूर्ण सुख मिळाले नाही. खोली देता आली, पण पंक्तीत समानतेने पान वाढता आले नाही. स्वतः मालवीय आचारधर्मात फार कर्मठ होते. विलायतेस जातानाही त्यांनी गंगाजल बरोबर नेले होते. तरीही त्यांचे मन एका जागी थांबलेले नव्हते. तिसऱ्या दशकाच्या अखेरीस काशीत दशाश्वमेध घाटावर बसून त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या लोकांस मंत्रदीक्षा दिली आणि सनातनी मंडळींचा रोष पत्करला. सप्टेंबर १९३२ मध्ये पुण्यास महात्मा गांधींच्या उपोषणाच्या समयी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व इतर नेते यांच्यात करार झाला, त्यावर सवर्ण हिंदूंच्या वतीने स्वाक्षरी करणाऱ्यांत मालवीय प्रमुख होते. नेत्याची दृष्टी पुढे जाते, समाजाची पंगत मागे राहते, आणि त्या अंतराची किंमत एखाद्या कोवळ्या विद्यार्थ्यास भरावी लागते. वसतिगृह चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा धडा आठवणीत ठेवावा. छप्पर दिले म्हणजे कर्तव्य संपत नाही. त्या छपराखाली प्रत्येकाचे पान सारख्या मानाने मांडले जाते की नाही, हे पाहणे तितकेच अगत्याचे आहे.

अखेरचे पर्व आणि वारसा

१९३९ साली वृद्धापकाळामुळे मालवीयांनी कुलगुरुपद सोडले व ते सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्याकडे आले. शरीर थकले होते, पण आवारातील निवास त्यांनी सोडला नाही. १९४६ साली पूर्व बंगालातील नोआखालीच्या भीषण वार्तांनी त्यांचे अंतःकरण विदीर्ण झाले. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी काशीत त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्याचा दिवस अवघ्या नऊ महिन्यांवर होता. २०१४ साली भारत सरकारने त्यांस मरणोत्तर भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान जाहीर केला.

प्रयागचे हिंदू वसतिगृह आजही त्यांच्या नावाने उभे आहे. काशीच्या आवारात वसतिगृहांची संख्या साठांच्या वर गेली आहे. असे असूनही प्रवेश मिळालेल्या प्रत्येकास तेथे खोली मिळतेच असे नाही. विश्वविद्यालयाच्या महाद्वाराबाहेर लंका नावाची वस्ती आहे. ती आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. देशातील बहुतेक मोठ्या विद्यापीठांची हीच कथा आहे. विद्यार्थ्यांची संख्या वाढते त्या वेगाने त्यांची निवासस्थाने वाढत नाहीत. गावाकडून शेत गहाण टाकून आलेल्या मुलाच्या खर्चात फीपेक्षा भाड्याचाच भार अधिक होतो. मुलींच्या बाबतीत तर सुरक्षित जागेच्या अभावी शिक्षणच थांबते. म्हणजे १९०३ साली मालवीयांनी ज्या प्रश्नास हात घातला, तो संपलेला नाही, वाढलेला आहे.

त्या काळी एका मनुष्याने सरकारची वाट पाहिली नाही. त्याने समाजाच्या दानबुद्धीस हाक मारली. ज्या श्रद्धेने लोक देवळास कळस चढवितात आणि तीर्थावर घाट बांधतात, त्याच श्रद्धेने त्यांनी विद्यार्थ्यासाठी एक खोली बांधावी, असे त्याने लोकांस पटवून दिले. मठांनी व क्षेत्रांनी शतकानुशतके अन्नदान व विद्यादान यांची परंपरा जपली आहे. त्या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे आश्रयदान होय. परगावाहून आलेल्या, ओळखदेख नसलेल्या मुलास कोणत्याही जातीचा भेद न मानता रात्रीपुरते नव्हे, तर विद्या पूर्ण होईतोपर्यंत आपल्या छायेत ठेवणे, हे त्या दानाचे पूर्ण स्वरूप आहे. महामना मालवीयांनी त्याचा फार मोठा भाग आपल्या हयातीत सिद्ध करून दाखविला. उरलेला भाग पुढीलांवर सोपविला आहे. विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या प्रत्येक दारात आणि समानतेने मांडलेल्या प्रत्येक पंक्तीत त्या महात्म्याचे पुण्यस्मरण होत राहो.